किनाऱ्यावरील संशोधन प्रयोगशाळेचा आपत्ती आराखडा : पावसाळ्यापूर्वी काय काय ठरवून ठेवावे?

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीलगतच्या एका लहान संशोधन केंद्रात मी काम करते आणि यंदा तेथील सुरक्षा समितीचे काम माझ्याकडे आले आहे. पाणी आणि गाळ यांच्या पृथक्करणाची रसायनशाळा, सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग, फॉर्मॅलिनमध्ये जतन केलेल्या माशांचा जुना संग्रह, नमुन्यांचे डीप फ्रीझर आणि मत्स्यबीजाच्या टाक्या असा आमचा एकूण पसारा आहे. केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा आहे. तो जाडजूड आहे, इंग्रजीत आहे आणि मोठ्या शहरातील संस्थेचा नमुना समोर ठेवून लिहिलेला आहे. आग, रसायन सांडणे, वायुगळती, पूर, वादळ यांची त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरणाचा शेवट ‘संबंधित यंत्रणेस कळवून मदतीची प्रतीक्षा करावी’ या वाक्याने होतो.

माझी अडचण नेमकी याच वाक्याशी आहे. आपल्याकडे संकटे प्रकरणांप्रमाणे वेगवेगळी येत नाहीत. जुलैमध्ये मुसळधार पाऊस लागला की आधी वीज जाते, मग मोबाइलचा टॉवर बंद पडतो, नंतर कुठेतरी दरड कोसळून रस्ता अडतो आणि उधाणाची भरती असेल तर पाणी ओसरायलाही वेळ लागतो. अशा रात्री प्रयोगशाळेत एखादी बाटली फुटली किंवा वायरिंगमधून धूर निघाला, तर मदतीची प्रतीक्षा किती वेळ करायची आणि त्या वेळात काय करायचे, याविषयी आराखडा काहीच सांगत नाही. मला तो मुळापासून नव्याने लिहायचा आहे. बाहेरची मदत पोहोचेपर्यंतचा काळ हाच त्याचा गाभा असावा, असे माझे मत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त अग्निशामक

ताई, आपण विषय योग्य जागी पकडला आहे. माझी सारी नोकरी किनारपट्टीवर झाली, त्यामुळे एक गोष्ट खात्रीने सांगतो. आमची गाडी दाराशी पोहोचल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘आत कोण आहे आणि आत काय आहे?’ या दोन प्रश्नांचे उत्तर फाटकावर तयार असेल, तर आमचे जवान पाणी मारायचे, फोम वापरायचा की लांब राहून शेजारच्या इमारतीचे रक्षण करायचे, हे लगेच ठरवू शकतात. उत्तर नसेल तर तेवढा वेळ वाया जातो आणि प्रसंगी जवानाच्या जिवावर बेतते. म्हणून फाटकाच्या चौकीत एक जलरोधक पेटी ठेवा. तिच्यात प्रत्येक मजल्याचा नकाशा, कोणत्या खोलीत कोणते धोकादायक रसायन किती आहे त्याची एका पानाची यादी, सिलिंडरांच्या जागा, विजेचा मुख्य खटका आणि गॅसची मुख्य झडप कुठे आहे ते, आणि त्या दिवशी आत असलेल्या माणसांची नोंद असावी. यादी संगणकात असून उपयोग नाही, कारण आग लागल्यावर वीज सर्वांत आधी तोडली जाते.

दुसरा मुद्दा एकत्र जमण्याच्या जागेचा. शहरी नमुन्यात अशी एकच जागा दाखवलेली असते. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो, तर हिवाळ्यात पहाटे तो बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. जून ते सप्टेंबर जी जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला असते, ती जानेवारीच्या सकाळी धुराच्या किंवा वायूच्या वाटेत येऊ शकते. त्यामुळे इमारतीच्या दोन विरुद्ध अंगांना दोन जागा ठरवा आणि छतावर वातदर्शक कापडी नळी लावा, म्हणजे कोणती जागा धरायची ते बाहेर पडणाऱ्याला एका नजरेत कळेल. यांपैकी कोणतीही जागा डोंगर कापून केलेल्या उभ्या कड्याखाली किंवा चिऱ्याच्या जुन्या गडग्यालगत नसावी. हे सांगायचे कारण असे की कोकणातील कित्येक आवारांत मोकळी जागा म्हणून नेमकी तीच उरलेली असते.

आणखी एक. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा द्यावे लागते. किनाऱ्यावरच्या संस्थांनी जुलैची वाट न पाहता मे महिन्यातच स्वतः एक तपासणी करावी. खारट हवेने अग्निशामक सिलिंडरांच्या झडपा, पिना आणि तळ गंजतात, आणि रंग शाबूत असला तरी आतून पत्रा खाल्लेला असू शकतो.

आम्ल-अल्क

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक आहे. काकांनी फाटकावरच्या पेटीची सूचना केली, तिला जोडून साठवणीविषयी लिहितो. बहुतेक आपत्तींची तयारी कपाटातच झालेली असते.

पुरासंबंधी विचार करताना आपण सहसा नुकसानीचा विचार करतो, परंतु रसायनशाळेत पुराचे पाणी हे स्वतःच एक अभिक्रियाकारक आहे. तेलात ठेवलेले सोडियम, पोटॅशियम, धातूंची हायड्राइडे यांना पाणी लागले की हायड्रोजन सुटतो आणि पेट घेतो. कॅल्शियम कार्बाइडपासून ॲसिटिलीन तयार होतो. फॉस्फरस पेंटॉक्साइड आणि संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याशी प्रचंड उष्णता देतात. याचा अर्थ असा की पूर आणि आग ही दोन प्रकरणे एकाच खोलीत, एकाच वेळी घडू शकतात, आणि त्या वेळी आगीवर पाणी मारणेही चुकीचे असते. असे पदार्थ तळमजल्यावर ठेवूच नयेत. वरच्या मजल्यावर, कोरड्या आणि स्वतंत्र कपाटात, नेहमीच्या वापरापुरतेच ठेवावेत. धातूंच्या आगीसाठी कोरडी वाळू किंवा त्या वर्गाची खास भुकटी जवळ हवी. वाळूची बादली पागोळीखाली ठेवलेली मी पाहिली आहे. भिजलेली वाळू तेथे घातकच ठरते.

वीज जाण्याचा धोका किती दूरवर जातो, याचे मोठे उदाहरण ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातील क्रॉस्बी येथे घडले. तेथील आर्केमा कंपनीच्या कारखान्यात सेंद्रिय पेरॉक्साइडे सतत थंड ठेवावी लागत. हार्वे वादळाच्या पुरात वीज गेली आणि राखीव जनरेटरही पाण्याखाली गेले. कर्मचाऱ्यांनी तो माल शीतवाहनांत हलवला, परंतु पाणी वाढत गेल्याने ती वाहनेही निकामी झाली, पेरॉक्साइडांचे विघटन झाले आणि ती पेटली. आसपासचा परिसर आधीच रिकामा केला होता, तरी रस्त्यावर बंदोबस्ताला असलेल्या लोकांना धुराचा त्रास झाला. कारखान्याकडे पर्यायी सोयी एकाहून अधिक होत्या, परंतु त्या सगळ्यांचा शत्रू एकच होता, तो म्हणजे पाण्याची पातळी. आपल्या आराखड्यातील प्रत्येक पर्यायी सोयीला हा एक प्रश्न विचारावा : जे संकट मूळ सोय बंद पाडते, तेच हिलाही बंद पाडेल का?

बाकी नियम सर्वांना ठाऊक आहेत, तरी पाळले जात नाहीत म्हणून थोडक्यात लिहितो. बाटल्या वर्णानुक्रमे लावू नयेत, गुणधर्मांनुसार लावाव्यात. नायट्रिक आम्ल सेंद्रिय द्रावकांच्या जवळ कधीही नसावे. डायएथिल ईथरच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिलीच पाहिजे, कारण जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात.

चिपळूणवासी

२२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर आम्ही अंगावर घेतला आहे. प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही. माझे औषधांचे दुकान आहे. परंतु खाडीकाठ यांनी जे लिहिले, ते शब्दशः तसेच घडले. अतिवृष्टी, त्यात भरतीची वेळ, अंधार, बंद पडलेले फोन. बाजारपेठेतील तळमजले पाण्याखाली गेले, महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही खंडित झाले. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळली, म्हणजे जिल्ह्याबाहेरून येणारी मदतही एकाच वेळी अनेक ठिकाणी हवी होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याला जवळची पाचवी तुकडी पुण्याजवळ असते. तिला घाट उतरून यावे लागते आणि घाटच बंद असेल तर वेळ लागणारच. यात कोणाला दोष देत नाही, ही आपली भूगोलाची वस्तुस्थिती आहे.

दुकानदार म्हणून दोन गोष्टी सांगतो. पाणी चढताना माल वरच्या फळीवर ठेवण्याचा विचार सगळेच करतात, पण किती उंचीची फळी सुरक्षित, हे गेल्या पुरावरून ठरवले जाते. २००५ च्या पुराच्या खुणेवर विसंबलेल्या अनेकांचे २०२१ मध्ये सर्वस्व गेले. तुमच्या इमारतीत पुराची जुनी खूण असेल, तर तिच्याही बऱ्याच वर जागा धरा. दुसरी गोष्ट, पाणी ओसरल्यावरची. लेबले सुटलेल्या बाटल्या, फुटलेली खोकी, चिखल आणि त्यात मिसळलेले काय काय, हे साफ करायला पहिल्या दिवशी हौसेने पुढे येतात ती गावातली तरुण मुले. आमच्याकडे औषधे होती. तुमच्याकडे फॉर्मॅलिन आणि आम्ले असतील. त्या मुलांना दारातच थांबवणारे आणि समजावून सांगणारे माणूस आराखड्यात नेमलेले असू द्या.

खाडीकाठ

शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि आमच्या जुन्या आराखड्यात तो कुठेही नाही. आमच्या संग्रहातील फॉर्मॅलिनच्या बरण्या तळमजल्यावर आहेत. त्या वर हलवण्याचा प्रस्ताव मी या आठवड्यात देत आहे. आम्ल-अल्क सर, पर्यायी सोयीला विचारायचा आपला प्रश्न मी जसाच्या तसा नव्या आराखड्यात घेते.

वीजजोडणी

मी विद्युत अभियंता आहे आणि रुग्णालये व प्रयोगशाळा यांच्या राखीव वीजव्यवस्थेचे काम करतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात जमिनीवर आले, त्यानंतर दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले. त्यामुळे राखीव विजेचा हिशेब तासांत करून चालत नाही. सर्व काही चालू ठेवण्याइतका डिझेलचा साठा कोणतीही लहान संस्था करू शकणार नाही, आणि तेवढे डिझेल आवारात ठेवणे हाही धोकाच आहे. म्हणून आधी क्रम लावा. कोणता फ्रीझर जगवायचा, कोणत्या टाकीची हवा चालू ठेवायची आणि काय सोडून द्यायचे, हे शांत डोक्याने मे महिन्यात ठरवा आणि त्यावर संचालकांची सही घ्या. वादळाच्या रात्री हा निर्णय कनिष्ठ कर्मचाऱ्यावर टाकू नये.

जनरेटर उंच चौथऱ्यावर असावा आणि त्याचा धूर इमारतीत शिरणार नाही अशी त्याची जागा असावी. पावसात भिजू नये म्हणून तो जिन्याखाली किंवा बंद पडवीत हलवण्याचा मोह होतो. तेथे कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावतात.

वीज गेल्यावर सर्वांत आधी बंद पडतो तो फ्यूम हूडचा, म्हणजे घातक वाफा बाहेर खेचणाऱ्या काचेच्या कपाटाचा, पंखा, आणि आत चाललेली अभिक्रिया मात्र चालूच राहते. त्यामुळे दिवे गेले की हुडाची काच खाली ओढायची, उष्णता बंद करायची आणि खोली सोडायची, ही सवय हाताला लागली पाहिजे. जितका धोका वीज जाण्यात आहे, तितकाच ती परत येण्यातही आहे. रात्री दहाला वीज गेली, सगळे घरी गेले आणि पहाटे तीनला ती परत आली, की चालू राहिलेली हॉटप्लेट रिकाम्या खोलीत कोरड्या भांड्याखाली तापू लागते. एकदा वीज गेल्यावर माणसाने हाताने बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू होणार नाही, अशी जोडणी तापवणाऱ्या प्रत्येक उपकरणाला करून घ्यावी. खर्च थोडा आहे.

द्रव नायट्रोजन वापरत असाल तर एक हिशेब भिंतीवर लावा. एक लिटर द्रवापासून सुमारे ७०० लिटर वायू होतो. तीन मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच अशी बंद खोली घ्या. तिच्यात दहा लिटर सांडले, तर हवेतला ऑक्सिजन साधारण २१ टक्क्यांवरून १५-१६ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. सुरक्षित मर्यादा १९.५ टक्के मानली जाते. या वायूला रंग नाही, वास नाही. पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या बंद आणि वीज नाही म्हणून पंखा बंद, अशी खोली आपल्याकडे जुलैत सहज तयार होते.

गुणवत्ता तपासनीस

चर्चा चांगली चालली आहे, तरी एक वेगळे मत नोंदवतो. जाड आराखड्याची अशी उपेक्षा करू नये. मान्यता देणाऱ्या संस्था, विमा कंपन्या आणि जिल्हा प्रशासन यांना लेखी पुरावा लागतो, आणि अपघातानंतर जबाबदारी निश्चित करताना तोच कागद पाहिला जातो. १९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम आणि रासायनिक अपघातांसंबंधीचे १९९६ चे नियम मुख्यतः मोठ्या साठ्याच्या कारखान्यांसाठी आहेत. लहान प्रयोगशाळा त्या साठ्याच्या मर्यादेत सहसा येत नाहीत. म्हणूनच त्यांचा स्वतःचा कागद अधिक काटेकोर हवा, कारण बाहेरून तपासायला कोणी येत नाही.

आम्ल-अल्क

आपले म्हणणे मान्य आहे, पण कागदाचा काटेकोरपणा आणि वागण्याचा काटेकोरपणा यांत किती अंतर पडू शकते, याची उदाहरणे पाहावीत. जानेवारी २०१० मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात एका स्फोटक संयुगाच्या प्रयोगात एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला गंभीर इजा झाली. एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बनवायचे नाही, अशी मर्यादा सांगितलेली होती. प्रत्यक्षात सुमारे १० ग्रॅम बनवले गेले. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी केली, तेव्हा त्याआधी घडलेल्या लहान घटनांची नीट नोंद आणि चर्चा झालेली नव्हती, हे पुढे आले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डिसेंबर २००८ मध्ये हवेत पेट घेणाऱ्या रसायनाने एका तरुण संशोधन साहाय्यिकेचे कपडे पेटले. प्रयोगशाळेत आपत्कालीन शॉवर होता, तो वापरला गेला नाही. त्या मुलीचा पुढच्या महिन्यात मृत्यू झाला. आपल्याकडेही मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात २९ डिसेंबर २००९ रोजी रसायनशाळेच्या आगीत दोन तरुण संशोधक गेले, आणि ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्फोटात एका संशोधकाचा मृत्यू झाला. या मोठ्या आणि नामवंत संस्था आहेत. नियमांच्या पुस्तकांची त्यांना वाण नव्हती.

म्हणून माझा आग्रह आहे की ‘थोडक्यात वाचलो’ अशा प्रत्येक घटनेची वही ठेवावी, तिच्यात लिहिणाऱ्याला बोल लावू नये, आणि दर महिन्याला ती सर्वांसमोर वाचावी.

रात्रपाळी

मी अशाच एका संस्थेत रात्रीचा पहारेकरी आहे आणि त्याआधी तेथेच परिचर होतो. सर्व मोठ्या मंडळींचे वाचले. एक विनंती करतो. आपण सर्वांनी जे जे करायला सांगितले आहे, ते करायच्या वेळी तेथे बहुधा माझ्यासारखा माणूस एकटा असतो. शास्त्रज्ञ सहा वाजता घरी जातात. पाऊस रात्री वाढतो.

आमच्या चौकीत आराखड्याची प्रत आहे, पण ती इंग्रजीत आहे. फोनच्या यादीतील काही अधिकारी बदली होऊन गेले आहेत. रात्री आतून वास आला तर दार उघडून पाहायचे की उघडायचे नाही, हे मला कोणी सांगितलेले नाही. ज्या खोलीत सिलिंडर आहेत तिची किल्ली साहेबांकडे असते आणि साहेब तालुक्याच्या गावी राहतात. साहेबांना न विचारता विजेचा मुख्य खटका पाडला आणि फ्रीझरमधले नमुने खराब झाले, तर जबाब मला द्यावा लागेल, अशी भीती प्रत्येक पहारेकऱ्याच्या मनात असते. त्या भीतीने माणूस दहा मिनिटे फोन लावत बसतो.

आराखडा मराठीत लिहावा, मोठ्या अक्षरांत एक पान चौकीत लावावे आणि त्यावर स्पष्ट लिहावे की अमुक परिस्थितीत पहारेकऱ्याने कोणाला न विचारता वीज तोडावी आणि लोकांना बाहेर काढावे, त्याबद्दल त्याला जबाबदार धरले जाणार नाही. खाली संचालकांची सही असावी. एवढे झाले तर आम्ही कमी पडणार नाही.

निवृत्त अग्निशामक

दादा, आपण लिहिलेत ते या धाग्यातील सर्वांत मोलाचे आहे. अधिकार कोणाचा हे आधी ठरलेले नसेल, तर शिकवलेले सर्व विसरले जाते. आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो. वास आला किंवा दाराच्या फटीतून धूर दिसला, तर दार उघडायचे नाही. हाताची मागची बाजू दाराला लावून पाहावी. दार गरम असेल तर तेथून दूर व्हावे. वीज तोडावी, परंतु वायूचा वास त्या खटक्याजवळच येत असेल तर खटक्याला हात लावू नये, कारण ठिणगी पडते. मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन ११२ किंवा १०१ ला फोन करावा. फोन लागत नसेल तर माणूस पाठवण्याची सोय आधीच हवी. जवळच्या वाडीतील दोन-तीन घरे, ज्यांच्याकडे दुचाकी आहे, त्यांच्याशी संस्थेने पावसाळ्याआधी बोलून ठेवावे. पोलीस ठाण्याच्या बिनतारी संचाचाही विचार करावा.

आग विझवण्याविषयी मर्यादा सांगतो. कचऱ्याच्या टोपलीएवढी आग, बाहेर जायची वाट आपल्या पाठीशी, आणि काय जळते आहे हे ठाऊक, या तिन्ही गोष्टी असतील तरच एक अग्निशामक सिलिंडर वापरून पाहावा. तो संपूनही आग उरली, तर बाहेर पडावे आणि दार ओढून घ्यावे. नमुने, संगणक, वह्या यांच्यासाठी कोणीही परत आत जाऊ नये.

आम्ल-अल्क

काका, मदत दोन तासांनी येणार असेल, तर एका सिलिंडरवर थांबणे म्हणजे इमारत सोडून देणे नव्हे काय? कर्मचाऱ्यांना अधिक प्रशिक्षण देऊन श्वसनसंच द्यावेत, असे मला वाटते.

निवृत्त अग्निशामक

सर, श्वसनसंच घालून धुरात शिरणे हे नियमित सरावाचे काम आहे. वर्षातून एकदा प्रात्यक्षिक पाहिलेल्या माणसाला तो दिला, तर नको तो आत्मविश्वास येतो आणि तो एकटाच आत जातो. इमारत जाऊ द्यावी. मदत उशिरा येणार हे गृहीत धरून आग मोठी होणारच नाही अशी मांडणी आधी करा : द्रावक कमी, कपाटे आगरोधक, रात्री वीज बंद, दोन खोल्यांमधील दारे आपोआप मिटणारी. खर्च तेथे करावा.

ग्रामीण वैद्यक

मी तालुक्याच्या ठिकाणी वैद्यकीय व्यवसाय करते. कोकणातील डॉक्टरांना सर्पदंश आणि विंचूदंश शिकवावा लागत नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाचे जे काम केले, ते लहान दवाखान्यांपर्यंत पोहोचले आहे. प्रयोगशाळेतील इजांचे ज्ञान मात्र तसे पोहोचलेले नाही. हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा डाग सुरुवातीला साधा दिसतो, वेदना उशिरा सुरू होते, आणि तोपर्यंत फ्लुओराइड ऊतींत उतरून रक्तातले कॅल्शियम घटवू लागलेले असते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा २.५ टक्क्यांचा जेल लावतात. गाळाच्या पृथक्करणासाठी आपण हे आम्ल वापरत असाल, तर जेल प्रयोगशाळेतच हवा, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला आपल्याकडील अशा मोजक्या रसायनांची उपचारांसह यादी आधीच द्यायला हवी. जखमी माणसाबरोबर त्या रसायनाचे माहितीपत्रकही पाठवावे.

डोळ्यात किंवा अंगावर रसायन उडाले तर निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे, हे सर्वांना माहीत असते. आता हिशेब करावा. आपत्कालीन शॉवर मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी सोडतो, म्हणजे १५ मिनिटांना ११०० लिटरांहून अधिक पाणी लागते. चार दिवस वीज नाही, पंप बंद आणि गच्चीवरची टाकी रिकामी, अशा वेळी तो शॉवर केवळ लोखंडी नळी उरतो. या कामासाठी वेगळी टाकी ठेवावी आणि ती रिकामी असेल तर प्रयोग करू नयेत.

वीजजोडणी

डॉक्टरांचे शेवटचे वाक्य नियम म्हणून सर्वच बाबतीत लागू करता येईल. शॉवरची टाकी, राखीव वीज, संपर्क आणि रस्ता यांपैकी दोन गोष्टी नसतील, तर त्या दिवशी जोखमीचे काम बंद. हे ठरवण्याचा अधिकार त्या दिवशी हजर असलेल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला असावा.

खाडीकाठ

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आज समितीची बैठक झाली. चौकीत लावायचे मराठी पान मी आणि आमच्या दोन पहारेकऱ्यांनी मिळून लिहायला घेतले आहे. शब्द त्यांचे राहतील, तपशील मी तपासेन. वीज तोडण्याच्या आणि इमारत रिकामी करण्याच्या अधिकारावर संचालकांनी सही करण्याचे मान्य केले आहे. सिलिंडरच्या खोलीची दुसरी किल्ली चौकीत मोहोरबंद पेटीत राहील. जीवाणूंच्या आणि शैवालांच्या महत्त्वाच्या संवर्धनांची दुसरी प्रत घाटावरच्या एका संस्थेत ठेवण्याविषयी पत्र पाठवले आहे; २००१ मध्ये ह्यूस्टनमध्ये ॲलिसन वादळाच्या पुरात आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सँडी वादळात तळघरांतील हजारो प्रयोगप्राणी बुडाले आणि संशोधकांचे कित्येक वर्षांचे काम गेले, हे वाचल्यापासून आमच्या टाक्यांचा विचार डोक्यातून जात नव्हता.

सरावाविषयीही ठरले. आजवर तो जानेवारीत, कोरड्या सकाळी, आधी सूचना देऊन होत असे. यंदा तो जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, संध्याकाळनंतर, पावसात, वीज तोडून आणि मोबाइल वापरायचा नाही या अटीवर होईल.

एक प्रश्न राहिला. कपाटे आवरताना लेबल नसलेल्या काही जुन्या बाटल्या सापडल्या आहेत. एका बाटलीत तळाशी पिवळे स्फटिक आहेत आणि झाकणाच्या कडेलाही ते दिसतात. या बाटल्यांचे काय करावे?

आम्ल-अल्क

ताई, त्या पिवळ्या स्फटिकांच्या बाटलीला कोणीही हात लावू नये, झाकण फिरवू नये, बाटली हलवूही नये. ते पिक्रिक आम्ल असण्याची शक्यता आहे. ऊतींचे नमुने जतन करणाऱ्या जुन्या विभागांत ते असायचे. ओले असताना ते बरेच सुरक्षित असते, परंतु वाळल्यावर घर्षणाने आणि धक्क्याने त्याचा स्फोट होऊ शकतो, आणि झाकणाच्या आट्यांतील स्फटिक त्यासाठी पुरेसे असतात. खोलीला कुलूप लावा, दारावर मराठीत सूचना लावा, पहारेकऱ्यांना समक्ष सांगा आणि पोलिसांमार्फत बॉम्बशोधक व नाशक पथकाला लेखी कळवा. हे आजच करावे.

बाकीच्या बाटल्यांपैकी ईथर असण्याचा संशय असेल अशाही न हलवता, न उघडता आहेत तेथेच ठेवा. उरलेल्यांची अज्ञात म्हणून यादी करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीने तळोज्याच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्राकडे पाठवता येतील. २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ साठवता येत नाही, आणि आपल्याकडे त्यातले बरेच दिवस पावसाचे असतील. गाडी मे महिन्यातच निघेल अशा बेताने पत्रव्यवहार सुरू करा. मसुदा हवा असल्यास मी पाठवतो.